थोरलीला आज्ञा, धाकटीला कृपा

आई, तू जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि तुला मी आजवर एकही पत्र लिहिलं नाही. तू होतीस तेव्हाही लिहिलं नव्हतं, कारण आपण दोघी कधी वेगळ्या राहिलोच नाही. पत्रं यायची ती तुझ्या धाकटीची, सोनपेठहून. ती तू दोनदोनदा वाचायचीस, आणि दुसऱ्यांदा वाचताना चष्मा काढून डोळे पुसायचीस. माझ्या हातचं अक्षर तुला फक्त वाणसामानाच्या यादीत दिसलं असेल.

आज लिहायला बसले त्याला कारण परभणीच्या आपल्या ख्रिस्ती मंडळीतली बायकांची बुधवारची प्रार्थना. नवे पाळक तरुण आहेत, शांतपणे शिकवतात. सध्या नियमशास्त्र आणि कृपा हा विषय चालू आहे. मागच्या बुधवारी एका बाईनं विचारलं की आपलं तारण कृपेनं झालं, तर मग जुन्या आज्ञा आपल्याला अजून लागू आहेत का. तिच्या मुलीची मेडिकलची परीक्षा रविवारी आहे आणि सासू म्हणते, प्रभूच्या विसाव्याच्या दिवशी पाठवायचं नाही. पाळकांनी नीट समजावून सांगितलं. आज्ञा पाळून कुणाचं तारण होत नाही, म्हणाले, पण ज्याचं तारण झालंय त्याला त्या पाळाव्याशा वाटतात. भीतीनं नाही, उपकाराची जाण म्हणून. मुलीनं जावं की नाही हे तिनं स्वतः प्रार्थना करून ठरवावं. इथवर ठीक होतं. मग त्यांनी माझ्याकडे हात केला आणि म्हणाले, अशा जाणिवेचं उदाहरण आपल्यातच बसलंय, पुढच्या बुधवारी बाई आपली साक्ष देतील, स्वतःचा अनुभव सांगतील. साऱ्या बायका माझ्याकडे वळून बघायला लागल्या. ती साक्ष त्यांना माहीत आहे, आई. तू ती इतक्या गावांत सांगितलीस की मी सांगायची गरजच राहिली नाही.

आपण पिंगळीला राहायचो ते दिवस मला अजून तासातासानं आठवतात. बाबा गेल्यावर मिशननं तुला बायबलबाईचं काम दिलं होतं. प्रार्थनाघराला लागून आपली एक खोली, आणि तू आठवडाभर खांद्याला पिशवी अडकवून गावोगाव बायकांना वचन सांगायला जायचीस. प्रार्थना करताना तुझी मराठी पुस्तकातली व्हायची आणि आमेन म्हटलं की पुन्हा पिंगळीची. शनिवारी दुपारपासून घरात घाई. रविवारच्या भाकरी शनिवारीच थापायच्या, पाणी भरून ठेवायचं, कपडे वाळवून घडी घालायचे, झाडलोट उरकायची. रविवारी चूल नाही, स्टोव्ह नाही, केरसुणी नाही, सुई नाही. शिळी भाकरी, कांदा, शेंगदाण्याची चटणी. शेजारी शेतकऱ्याचं घर होतं, त्यांची म्हातारी दर रविवारी कुंपणावरून विचारायची, "आज तुमच्या चुलीला उपास हाय व्हय?" आणि तू हसून हो म्हणायचीस.

मी दहा वर्षांची असताना एका रविवारी माझ्या झग्याचं गळ्याजवळचं बटण तुटलं. तू बाहेर होतीस. मी डब्यातून सुईदोरा घेऊन ते लावलं आणि मला फार शहाणं झाल्यासारखं वाटलं. तू आलीस, बघितलंस, कात्रीनं दोरा कापलास आणि बटण माझ्या तळहातावर ठेवलंस. रागावली नाहीस. एवढंच म्हणालीस की प्रभूनं सहा दिवस दिलेत, सातवा तेवढा त्याच्याकडं राहू दे. त्या दिवशी सगळी उपासना मी एका हातानं गळा धरून उभी होते. धाकटी तेव्हा चार वर्षांची, तुझ्या मांडीवर झोपलेली. तिच्या झग्याला बटणं नव्हतीच, नाड्या होत्या.

शेजारच्यांकडून सणाचं ताट यायचं ते मी परत नेऊन द्यायचे. नैवेद्य दाखवलेलं आपल्याला चालत नाही, हे मी कसं नम्रपणे सांगायचं तेही तू शिकवलं होतंस. ताटावरचा रुमाल उचलून बघायचा नाही, हे मात्र मी माझं मीच ठरवलं होतं, कारण बघितलं तर परत न्यायला जड जायचं.

मग माझी ती परीक्षा. डी.एड. होऊन वर्ष झालं होतं, सरकारी शाळेतल्या नोकरीसाठी परीक्षा होती, परभणीला, आणि दिवस रविवार. मी हॉलतिकीट चार दिवस लपवून ठेवलं. शनिवारी तू भाकरी थापत होतीस तेव्हा मी ते तुझ्यासमोर धरलं आणि जाऊ का म्हणून विचारलं. तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "तू शिकलेली हायेस. आज्ञा तुला तोंडपाठ हाय. मी येगळं काय सांगू?" मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी उपासना चालू असताना परभणीकडे जाणाऱ्या गाडीची शिट्टी ऐकू आली आणि तू माझ्याकडे बघितलंस. तसं तू माझ्याकडे आधी कधी बघितलं नव्हतंस, नंतरही नाही. शेवटच्या गीताआधी तू उभी राहिलीस आणि साऱ्यांना सांगितलंस, "माज्या थोरलीनं नोकरीसाठी प्रभूचा दिवस इकला न्हाई." नंतर बोरीला सांगितलंस, जिंतूरकडच्या गावांत सांगितलंस. मी परभणीच्या एका विनाअनुदानित शाळेत लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिले. लग्न केलं नाही. तक्रार नव्हती, आई. तुझी ती नजर माझ्यापाशी होती आणि मला वाटायचं ती माझी एकटीची आहे.

पाच वर्षांनी धाकटीची तलाठ्याची परीक्षा आली. तीही रविवारी. ती तुला विचारायला आली नाही, सरळ सांगून मोकळी झाली की मी जाणार. मी वाट बघत होते तू काय म्हणतेस त्याची. शनिवारी तू नेहमीसारख्या भाकरी थापल्यास. रविवारी सकाळी मला जाग आली ती पंपाच्या आवाजानं. तू स्टोव्हला हवा भरत होतीस. मी अंथरुणावर उठून बसले आणि बघत राहिले. तू कणीक मळलीस, पोळ्या लाटल्यास, बटाट्याची भाजी परतलीस. सगळी खोली गरम पोळीच्या वासानं भरून गेली. रविवारी तो वास आपल्या घरात कधी आलेला नव्हता. तू डबा भरलास, तिच्या पिशवीत घातलास आणि तिच्याबरोबर स्टेशनापर्यंत चालत गेलीस. उपासनेची वेळ झाली तरी तू परत आली नव्हतीस, तेव्हा पहिलं गीत मीच सुरू केलं. तू मागच्या दारानं आलीस. तुझ्या मनगटाला पीठ लागलेलं होतं.

दुपारी आपण दोघी कालच्या भाकरी खायला बसलो. तुझ्यासाठी आणि माझ्यासाठी तू पोळ्या केल्या नव्हत्यास. मी विचारलं, आज्ञेचं काय झालं.

"आज्ञा तुला झेपत व्हती," तू म्हणालीस. "तिला न्हाई झेपत. जिला झेपत न्हाई तिला कृपा लागती, बाई."

या वाक्यावर मी पस्तीस वर्षं रवंथ केलाय. म्हणजे मला झेपलं हा माझा गुन्हा होता का? मी जरा कमी चांगली असते, जरा हट्टी, जरा धाकटीसारखी, तर माझ्यासाठीही स्टोव्ह पेटला असता? पाळक म्हणतात कृपा सगळ्यांना सारखी. शास्त्रात तसंच आहे, मला माहीत आहे. पण आपल्या खोलीत ती सारखी नव्हती. तिथं एकीला नियमशास्त्र मिळालं आणि एकीला डबा.

धाकटी पास झाली, सोनपेठला तलाठी झाली, आणि तिथल्याच एका शेतकरी घरातल्या मुलाशी तिनं लग्न केलं. विश्वासाबाहेर सोयरीक करू नये हे तू किती घरांत बसून सांगितलं होतंस. मला वाटलं, आता तरी तू अडवशील. पण तू लुगडं नेसून लग्नाला गेलीस, मांडवात मागं बसून डोळे मिटून प्रार्थना केलीस, आणि नंतर तिच्या सासूच्या शेजारी पंगतीला बसलीस.

तुझ्या शेवटच्या आजारात तू माझ्याकडे होतीस. पथ्य, औषधं, अंग पुसणं, सगळं मीच करत होते आणि ते मला आवडत होतं. मग तू आठ दिवस सोनपेठला जायचं म्हणालीस. मी रविवारची उपासना झाल्यावर दुपारच्या एसटीनं तुला बघायला आले. त्या दिवशी पोळा होता. बैलांची शिंगं रंगवलेली, गल्लीत वाजंत्री. स्वयंपाकघरात तू भिंतीला टेकून बसली होतीस आणि पुरणपोळी खात होतीस. तुपाचे ओघळ हातावर आलेले. धाकटीची सासू काहीतरी सांगत होती आणि तू हसत होतीस, दात नसलेलं तोंड उघडं टाकून, लहान पोरीसारखी. माझ्याकडे दोन महिने तू वरणाच्या पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतंस. सासू कौतुकानं म्हणाली की आज माईनं दीड पोळी खाल्ली. धाकटीनं माझं ताट वाढलं. मी भूक नाही म्हणाले. तू माझ्याकडे बघून हात पुढे केलास, त्यात पोळीचा तुकडा होता, आणि मी तो घेतला नाही. संध्याकाळच्या एसटीनं परत आले. चौथ्या दिवशी तिच्याच घरी तू प्राण सोडलास. तुझ्या उशाशी ती होती.

हे सगळं मी नीट घडी घालून ठेवलं होतं. पण बुधवारच्या त्या साक्षीचं मी धाकटीला फोनवर सांगितलं, आणि खरं सांगायचं तर जरा मिरवतच सांगितलं. तिनं ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की ताई, तुला एक माहीत असेलच. मला माहीत नव्हतं. तिच्या परीक्षेच्या रविवारी स्टेशनावर गाडी यायला वेळ होता, तुम्ही दोघी बाकावर बसला होतात, आणि तू तिला म्हणाली होतीस, "थोरलीला मी आडवलं, ती माजी चूक झाली. ती एका शब्दानं बोलली न्हाई, त्यानंच जास्त लागतंय. तू जा." तू तेव्हा रडत होतीस, असं धाकटी म्हणाली. तिला वाटत होतं की तू हे मलाही कधीतरी सांगितलं असशील.

म्हणजे स्टोव्ह पेटला तो माझ्यामुळे. त्या पोळ्या माझ्या होत्या आणि खाल्ल्या तिनं. फोन ठेवल्यावर पहिला विचार हाच आला, आणि तुझं रडणं त्याच्या नंतर आठवलं. बघ, इतक्या वर्षांच्या उपासना, उपास, प्रार्थना, आणि आतून मी अशी आहे. तू माफी मागितलीस तीही तिच्याजवळ. रडलीस तेही तिच्याजवळ. मला तू फक्त सांगितलंस की मला झेपतं.

पण आई, त्यानंतर दोन दिवस मला जेवण गेलं नाही, आणि कारण हेवा नव्हता. कारण हे की तू माझ्या नावाचं ओझं मरेपर्यंत वाहिलंस आणि ते ओझं खरं नव्हतं. त्या परीक्षेचा माझा अभ्यास झाला नव्हता. गणित मला येत नव्हतं, मी वर्षभर पुस्तक उघडून नुसती बसत होते. हॉलतिकीट चार दिवस लपवलं ते आज्ञेच्या विचारानं नाही, नापास होण्याच्या भीतीनं. तुझ्यासमोर ते धरलं तेव्हा मला पक्कं माहीत होतं तू काय म्हणणार, आणि तेच ऐकायला मी आले होते. तू जा म्हणाली असतीस तर मी दुसरं काहीतरी निमित्त शोधलं असतं. आज्ञा मी पाळली नाही, मी तिच्या मागं लपले. तू मला अडवलंच नव्हतंस.

पाळक म्हणतात की आज्ञा आरशासारखी असते, माणसाला त्याचा चेहरा दाखवते आणि मग कृपेकडे पाठवते. असेल. मी त्या आरशात वर्षानुवर्षं फक्त तुझी नजर बघत राहिले. धाकटी बिचारी आपली हट्टी म्हणून सरळ उभी राहिली, तिला लपायला जागाच नव्हती, आणि म्हणून तुला तिच्याजवळ जाता आलं. माझ्याजवळ यायचं तर तुला आधी माझ्या चांगुलपणाला वळसा घालावा लागला असता. हे मी धाकटीला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती फोनवरच हसेल, म्हणेल, अगं ताई, एवढंच ना, आणि मला माफ करून भाजी निवडायला लागेल. तिला ते इतकं सहज जमतं, याचाही मला हेवा वाटतो.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तरी शाई वाळेपर्यंत उघडं ठेवलंय. उद्या बुधवार. त्या मुलीच्या आईला माझ्या तोंडून काहीतरी ऐकायचंय आणि त्या मुलीचा अभ्यास खरंच किती झालाय ते मला माहीत नाही. पाळकांना मी आज दुपारी निरोप पाठवला, घसा बसलाय, साक्ष देता यायची नाही. घशाला काही झालेलं नाही, आई.