ओर्दा आली, जेवून गेली

प्रिय झाउरे,

तुझा इंग्रज पोचला. जिवंत आहे. ‘तो माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही, आणि लग्नाचं नाव काढायचं नाही’ असं तुझ्या बाबांनी तुला ठणकावलं होतं, म्हणून त्या शहाण्यानं उंबरा नसलेली जागा शोधली. आम्ही वरच्या कुरणावर पोचायच्या आधीच तो ओढ्याकाठी इवलासा निळा तंबू ठोकून बसला होता! आपला मुक्काम कुठे पडतो हे त्याला कुणी सांगितलं ते मी विचारत नाही.

खिंड उतरताना बाबांनी तंबू पाहिला आणि घोडा थांबवला. मग चेहऱ्यावर असं हसू आलं की मला धडकीच भरली. ‘आधी उतरला ना? मग एरुलिक त्याच्याकडे! जो आधी तंबू ठोकतो त्यानं मागून येणाऱ्यांना जेवू घालायचं. बघू जावईबापू काय वाढतात!’ आणि अख्खी वस्ती, मेंढरं-कुत्र्यांसकट, त्याच्या दारात.

बिचाऱ्याकडे शेवयांची पाकिटं आणि चहाच्या कपाएवढं पातेलं. पण एड्विन पळाला नाही गं. एकेकाला शिजवून वाढत राहिला. ओरिनकुल काकूंनी तर ‘मीठ कमी आहे’ म्हणून दुसऱ्यांदा घेतलं. बाबा मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी बसले, तोवर संपेल आणि याची फजिती होईल म्हणून. त्यानं स्वतःसाठी ठेवलेलं शेवटचं पाकीट त्यांच्यापुढे शिजवलं आणि आपण कोरडा पाव चावत बसला. मला त्याची फार माया आली.

खाता खाता बाबांनी विचारलं, ‘तू करतोस काय?’ शब्दांची मुळं शोधतो म्हणाला, मोडक्यातोडक्या कझाकमध्ये. आपला ‘ओर्दा’ म्हणे हिंदुस्थानात गेला तर त्यावरून उर्दू भाषेचं नाव पडलं, आणि पोलंडकडून इंग्रजीत गेला तो पुढे ‘ह’ लावून, ‘हॉर्ड’. अर्थ? अंगावर चालून येणारी बेशिस्त झुंड. बाबा ताडकन उठले! ‘ओर्दा म्हणजे खानाचा तंबू! दरबार! सगळे जमतात ती जागा! आमचा तंबू नेलात आणि त्याची झुंड केलीत? आणि तो ह कुणाला विचारून लावला?’

एड्विननं वस्तीकडे पाहिलं. उंटावर पाळणा, ट्रकवर चूल, काकूंच्या शिव्या, पातेल्यात तोंड घालणारी बकरी. हळूच म्हणाला, ‘काका, आमच्या लोकांनी तुम्हाला येताना पाहिलं. तंबू उभा राहीपर्यंत थांबलेच नाहीत, पळाले. मी थांबलोय.’ कुणी हसेना. मग बाबाच इतके हसले की शेवई नाकात गेली.

पण होकार? नाव नको. तुझ्या बाबांचा स्वभाव तुला ठाऊक आहे. रोज सकाळी त्याच्या तंबूवर जातात, त्या ‘ह’वरून भांडतात आणि चहा पिऊन येतात. विचारलं की गुरगुरतात, ‘अजून माझं ठरलेलं नाही.’

आज मात्र त्यांनी लोकर कातरली आणि पांढरी तेवढी निवडून बाजूला काढली. नव्या जोडप्याच्या तंबूखेरीज आपण लोकर थापून एवढा पांढरा नमदा कशाला लाटतो? माझ्याकडे पाठ फिरवून तेच म्हणाले, ‘झाउरेला लिही, दाराला रंग कुठला हवा ते येऊन सांग. मला ते बायकी काम जमत नाही.’ म्हणून हे पत्र. लवकर निघ पोरी, त्यांचं मन फिरायच्या आत नाही, ते मन आता फिरत नाही. नमदा वाळायच्या आत.

तुझी वाट पाहणारी,
आई