चौथा बोल्ट

४ फेब्रुवारी

हरले! साफ हरले!

मोटरसायकलचे मागचे दोन शॉकअप बदलायचे, एवढंच काम. चार बोल्ट. तीन निघाले. चौथा, सायलेन्सरशेजारचा, वर्षानुवर्षांचा चिखल आणि गंज खाऊन असा जाम झालाय की पान्याला पाइप लावून लटकले तरी ढिम्म हलेना.

आप्पा स्टुलावर बसून चहा पीत होते. चाळीस वर्षं गॅरेज चालवलेला बाप, पण हात लावेल तर शपथ! म्हणे, "डॉक्टरीणबाई, पेशंटला आधी भूल द्या." मी जनावरांची डॉक्टर झाल्यापासून हेच चाललंय.

६ फेब्रुवारी

दोन दिवस तेल सोडतेय. हातोडीने टकटक करतेय. शेजारीण विचारून गेली, "कपाट करताय का?"

नोकरीच्या पत्रात स्वच्छ लिहिलंय – सोळा तारखेला हजर व्हा, स्वतःची गाडी हवी. तिकडे दवाखाना एक आणि गोठे लांब लांब, बस नाही. गाडी नाही तर नोकरी नाही. आप्पाच म्हणाले होते, "माझी जुनी घेऊन जा." आता त्यांची जुनी म्हणतेय, मी नाही येत जा!

आई खिडकीतून म्हणाली, "यांच्यासारखाच आहे तो बोल्ट. रागावून नाही ऐकायचा. गोंजार जरा."

८ फेब्रुवारी

हलला!!!

पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवली (आप्पांनी तीनदा विचारलं, ठेवलीस ना?). मग बोल्ट गॅसच्या ज्योतीने तापवला, गार होऊ दिला, परत तेल. थोडा पुढे, थोडा मागे, धसमुसळेपणा करायचा नाही. करकरत अर्धा फेरा फिरला! मी अंगणात नाचले. अंधार पडला म्हणून उरलेलं उद्यावर टाकलं.

आप्पा म्हणाले, "छान." नुसतं छान! टोमणा नाही, काही नाही. तब्येत बरी नाही की काय?

९ फेब्रुवारी

परत घट्ट! काल फिरला होता ना? की मला तसं वाटलं?

आप्पा म्हणाले, "जुना माल. एका रात्रीत परत रुसतो." आणि पेपरामागे गेले.

पुन्हा ज्योत, पुन्हा तेल. संध्याकाळपर्यंत पुन्हा तोच अर्धा फेरा. दोन्ही तळहातांना फोड.

१० फेब्रुवारी

परत घट्ट. रडकुंडीला आले.

११ फेब्रुवारी

चोर सापडला!

गॅरेजात आप्पांचा नियम होता. बोल्ट आवळला की त्यावर खडूने तिरकी रेघ ओढायची. मग दुसऱ्याने पाना लावून तपासायचा आणि त्या रेघेवर आपली रेघ ओढायची. फुली झाली की गाडी बाहेर. आवळणाऱ्याने स्वतः फुली करायची नाही. शाळेतून आले की ते तपासायचं काम माझं. किती ऐट असायची!

आज सकाळी आंघोळ करून अंगणात आले, तर चौथ्या बोल्टावर पांढरी रेघ. ताजी! हाताच्या सवयीने घात केला बिचाऱ्यांचा. चोरी केली आणि वर सही करून गेले!

आधी खो खो हसले. मग पायरीवर बसून रडले. राग तर आलाच – फक्त पाच दिवस उरलेत! पण 'माझी लेक डॉक्टर, लेकीला नोकरी' असं अख्ख्या गल्लीला सांगून बसलेला माणूस, 'जाऊ नकोस' कुठल्या तोंडाने म्हणणार? मलाही कुठे सोपं आहे यांना सोडून जाणं? हेही मी फक्त इथेच लिहितेय म्हणा. बाप तशी लेक.

खडू घेतला आणि त्यांच्या रेघेवर माझी रेघ ओढली. फुली.

दुपारी आप्पा अंगणात एक चक्कर मारून आले. जेवताना माझ्याकडे बघेनात. मीठ दोनदा घेतलं.

१२ फेब्रुवारी

आज पान्याला हात लावला नाही. त्यांनीही नाही.

आई म्हणाली, "तुमचं दोघांचं काय बिनसलंय?" आम्ही एकदम म्हणालो, "काही नाही."

१३ फेब्रुवारी

आईबरोबर तिकडच्या खोलीसाठी बादली आणि चादरी घेऊन आले, तर गाडी अंगणात लख्ख पुसून उभी. नवे शॉकअप बसलेले. तो गंजका बोल्ट स्टुलावर, कागदावर ठेवलेला. नव्या चारही बोल्टांवर एकेक तिरकी रेघ. आप्पा घरात, पेपरामागे.

काळ्या सीटवर खडूने, गॅरेजच्या पावतीवर लिहायचे तसं – "गिऱ्हाइकाने पंधरा दिवसांनी गाडी तपासायला आणणे. इथेच."

चारही बोल्ट पाना लावून तपासले. फुल्या तीनच केल्या. चौथी पंधरा दिवसांनी, इथेच.