गच्चीवरचा समुद्र

३ एप्रिल २०२२, रविवार
रांझीच्या फॅक्टरीतून रिटायर होऊन तीन महिने झाले. आराम पुरे. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटसाठी खारटपणा मोजणारा स्वस्त सेन्सर बनवणार. सामान गोहलपूरच्या बाजारातलं, डोकं माझं. समुद्र मी पाहिलेला नाही. बायकोने, प्रमोदिनीने, नेमकं तेच विचारलं. बायकांना तांत्रिक गोष्टी कळत नाहीत, असं मी मनात म्हणालो.

१० एप्रिल
गच्चीवर छोटा ड्रम. नर्मदेचं पाणी, लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ. झाला समुद्र! प्रमोदिनी म्हणाली, एवढं मीठ काहून वाया घालवून राहिले? उद्या सेन्सर बुडवून पस्तीसची खूण करणार.

११ एप्रिल
घाई नको. मीठ मुरू दे.

२ मे, सकाळी ६
मुरलं. खूण केली. एवढ्या उन्हातही ड्रम काठोकाठ! झाकण मीच बसवलंय ना.

३ मे
सेन्सर तामिळनाडूच्या एका प्लांटला कुरिअर केला. तिथल्या मीरा मॅडम फोनवर म्हणाल्या, रीडिंग बरोबर आलं तर बसवायला तुम्हीच या, तिकीट आमचं. साठाव्या वर्षी समुद्र दिसणार! फार आनंद झाला. वाळूत चालायच्या सँडल घेतल्या. प्रमोदिनीलाही नेणार, ती नीट वागली तर.

२० मे
मॅडमचा फोन. त्यांचा समुद्र पस्तीस, माझा सेन्सर दाखवतो पंचावन्न. मी शांतपणे सुचवलं, एकदा समुद्र तपासून घ्या. त्यांनी बरं म्हणून फोन ठेवला.

२१ मे
जेवताना पानात खारवलेली कैरी. झकास. मिठाचं पाणी कुठलं, विचारलं. तुमच्याच ड्रममधलं, प्रमोदिनी म्हणाली. तीन मोठ्या बरण्या भरल्या. दर वेळी काढलं तेवढं साधं पाणी वर ओतलं. नर्मदाजीचं भांडं कमी ठेवू नये, असं तिची आई सांगायची. वर मलाच विचारते, अहो, शेवटी बरंच अळणी झालं होतं, तुम्हाला कळलं नाही? पस्तीसची खूण मी त्याच पाण्यात केली होती.
कैरी पुन्हा घेतली नाही. एकच घेतली.

२२ मे
मॅडमना नवा सेन्सर पाठवतो म्हणून कळवलं. नको म्हणाल्या. फार गोड बोलल्या.

३० मे
सेन्सर परत आला. वायरच्या गुंडाळीत चिमूटभर वाळू. हा समुद्र पाहून आला, मी राहिलो. वाईट वाटलं. जीभ लावून पाहिली. खारट. आमच्या ड्रमपेक्षा पुष्कळच.
सँडल दुकानदार परत घेत नाही. त्याच घालून ड्रम रिकामा करायला गच्चीवर गेलो. प्रमोदिनीने खालून सांगितलं, सगळं ओतू नका, लिंबं आणली आहेत. आणि मीठ तेवढं बरोबर घाला.