गोळ्यांची सहा रिकामी पाकिटं

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वर्षभरात सहाव्यांदा घसा धरला, याचं खापर तू माझ्यावरच फोडलंस. मी म्हणे जरा बरं वाटलं की गोळ्या अर्ध्यावर टाकते. म्हणून सोबत सहा रिकामी पाकिटं जोडली आहेत. मोजून घे. तुझा स्वभाव ठाऊक असल्यानं जपून ठेवली होती.

काळजी वेगळीच आहे. अंध वाचकांसाठी मी कादंबरी वाचून रेकॉर्ड करते आहे ना, ती एकोणिसाव्या प्रकरणावर अडलीय. अजून बारा उरलीत. आमचे रेकॉर्डिस्ट भले गृहस्थ, पण परवा नजर चुकवत त्यांनी विचारलं, की बाकीचं दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ का. मी मानेनंच नाही म्हटलं. आवाज होता कुठे! डॉक्टर टॉन्सिल काढा म्हणतात. आणि आवाज बदलला तर? आमचे हे म्हणतात, घरात नवं माणूस आल्यासारखं वाटेल. अशा माणसाशी संसार करते मी.

उत्तर लवकर दे. माया रागासकट पाठवलीस तरी चालेल.

तुझी,
बडबडी

९ मार्च

चि. बडबडीस,
अ. आ.

पाकिटं मोजली आणि लाज वाटली. रोज लॅबमध्ये जंतू बघणारी मी, आणि बहिणीवर आळ घेतला! आमच्याकडच्या घशाच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, टॉन्सिलच्या खाचांत जंतू कधीकधी स्वतःभोवती चिकट थर करून दाटीनं राहतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. फुलदाणी नुसती विसळली तर आतून बुळबुळीतच राहते ना, तसं. औषधानं सुटे जंतू मरतात, बरं वाटतं. थरातले तगतात आणि पुन्हा डोकं वर काढतात. तुझ्या बाबतीत त्यांना तीच शंका आहे. तेव्हा चूक तुझी नव्हती.

टॉन्सिल काढल्यावर आवाज बहुतेकांचा महिना-दोन महिन्यांत पूर्ववत होतो, पण शपथेवर सांगता येत नाही, म्हणाल्या. मीही खोटा धीर देणार नाही. तुझ्या ऑपरेशनसाठी रजा मात्र टाकली आहे. तुझ्या मौनाचे दिवस मला फुकट दवडायचे नाहीत. लहानपणापासून बोलायची माझी पाळीच आलेली नाही.

जपून राहा. आशीर्वाद आहेतच.

तुझी,
ताई

२४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ऑपरेशननंतर काल पहिल्यांदा स्टुडिओत गेले आणि विसावं प्रकरण वाचलं! आधी रेकॉर्डिस्टनी एक पान वाचून घेतलं आणि माझं जुनं आणि नवं वाचन पाठोपाठ लावलं. मी श्वास रोखून बसले. आवाज तोच, कणभर मोकळा. पण एक फरक लपेना. जुन्यात मी दर वाक्यानंतर थांबते. ऐकणारे त्या थांबण्याचं केवढं कौतुक करायचे! एका आजोबांनी तर कळवलं होतं की या बाई विचार करून वाचतात. ताई, विचारबिचार काही नाही गं. मी आवंढा गिळत होते, दुखेल म्हणून दबकत. इतके दिवस दुखलं, की तीच माझी शैली आहे असं मलाही वाटायला लागलं होतं.

रेकॉर्डिस्ट म्हणाले, पुस्तक एकसारखं वाटावं म्हणून तसंच थांबा. थांबून पाहिलं, खोटं वाटलं. मग सरळ वाचत गेले. पुढे कादंबरीतली आई मुलाचं पत्र उघडते. तिथे मात्र थांबले. काही दुखत नव्हतं. थांबावंसं वाटलं म्हणून.

अशीच माझी राहा.

तुझी,
बडबडी