ओनी शब्दाचा अर्थ

३ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा धुळीने भरल्या हातांचा नमस्कार.

माझ्या थोरल्याला जाऊन उद्या तीन महिने होतील. त्याच्या थडग्याचा दगड घासून ठेवलाय, पण त्यावर अजून एक अक्षर पडलेलं नाही. तीस वर्षं लोकांच्या दगडांवर 'लाडका', 'प्रेमळ' कोरत आलो. पोटच्या पोरासाठी तेच शब्द हाताला येईनात.

पाळकांनी जुन्या करारातला एक हिब्रू शब्द लिहून दिलाय, 'ओनी'. मरणाला टेकलेला एक बाप आपल्या थोरल्याबद्दल बोलताना तो वापरतो. अर्थ 'माझं बळ', असं ते म्हणाले. तू जन्मभर हिब्रू शिकवलीस, तेव्हा पक्कं करून कळव. दगडावर खाडाखोड चालत नाही. आणि माझ्या शुद्धलेखनाला लाल शाई लावू नकोस!

ही कामापुरतं बोलते. माझा गुडघा दुखत होता म्हणून त्या दिवशी खाणीत तो उतरला आणि दरड त्याच्यावर आली. हिला माझ्याकडे बघवत नाही.

माया आटू देऊ नकोस.
तुझा ठोकळा

११ मार्च

चि. ठोकळ्यास,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

तुझ्या चार चुका आज माफ.

अर्थ बळ हे खरंच. अंगातलं, उमेदीच्या वयातलं बळ. पण लपवणार नाही. त्याच ग्रंथात एक बाई वाटेतच बाळंत होते आणि जीव जाता जाता बाळाचं नाव ठेवते. त्या नावातही हीच चार हिब्रू अक्षरं आहेत, पण तिथे बहुतेक जण अर्थ घेतात 'माझं दुःख'. दिसायला सारखे असले तरी शब्द दोन आहेत, असं काही पंडित म्हणतात. काहींना ते पटत नाही. मी वर्गात सांगते, मागचंपुढचं वाचून ठरवा. तुमच्या घरातलं मागचंपुढचं मला इथून वाचता येत नाही.

आणखी एक. त्या बाईने ठेवलेलं नाव नवऱ्याने बदलून टाकलं. तिला विचारावं, तर ती उरली नव्हती. तुझी बायको आहे. हे पत्र तिला वाचून दाखव, मगच छिन्नी उचल.

रागावलास तरी लिहीत राहा.
तुझी ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
नमस्कार.

पत्र वाचून दाखवलं. ही पोराच्या शर्टांच्या घड्या करत होती. म्हणाली, दुःख कोरायचं असेल तर आधी खरं बोला.

ताई, तुलाही मी खोटंच सांगितलं. गुडघा दुखत नव्हता. आदल्या दिवशी पोराशी माझं वाजलं होतं. जरा घाम गाळू दे म्हणून त्याला धाडला. वरचा दगड सैल झालाय असं मुकादम सांगत होता, तेही कानाआड केलं. हिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्या सकाळी मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो, ते तिने पाहिलं होतं. तीन महिने ती माझ्या तोंडून ऐकायची वाट पाहत होती.

सगळं सांगितलं. ती रडली नाही. चारच अक्षरं कोरा, खाली अर्थ लिहू नका, एवढं बोलली आणि बॅग भरून बहिणीकडे निघून गेली.

रविवारी दगड बसवला. ती आली. माणसं पांगल्यावर तिने अक्षरांवरून बोट फिरवलं, आपण वाचतो तसं डावीकडून. हिब्रू उजवीकडून वाचतात. निघताना तिने विचारलं, जेवलात का. हो म्हणणार होतो, पण खोटं नको वाटलं. नाही म्हणालो.

समोर आलेली गाडी तिने जाऊ दिली. पुढच्या गाडीने गेली.

लोभ मागायला तोंड उरलं नाही, तरी दोन ओळी धाड.
ठोकळा