माळ्यावरून उतरलेला कॅमेरा आणि उरलेला पसारा

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, पूर्वीचा व्यवसाय फोटोग्राफर, नंतरचा व्यवसाय गृहिणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मीच मागून घेतला, कारण माळा आवरला त्या दिवसापासून माझी मलाच खात्री वाटेनाशी झाली आहे. याआधीचे मृत्युपत्र मी फाडून टाकले. त्याची सुरुवात "माझ्या दिवंगत प्रेमळ पतींना स्मरून" अशी होती.

कलम पहिले, घर. घर माझ्या नावावर आहे. माझ्या पश्चात ते मुलगा आणि मुलगी यांना समसमान मिळावे. ते मी त्यांना रिकामे करून देणार आहे. पतींनी हयातभर एक वस्तू टाकू दिली नाही. "राहू दे गं, लागेल कधीतरी," हे ठरलेले उत्तर. झाकणे हरवलेले डबे, डबे हरवलेली झाकणे, बसले की करकरणाऱ्या खुर्च्या, कोणत्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्यांचा डबा. आमच्या घरात पाहुणा आला तर आधी खुर्ची मोकळी करावी लागे. गेल्या वर्षी ते वारले. मुलांच्या मागे हा ढीग लावून जायचा नाही, असे मी ठरवले आणि भंगारवाल्याला बोलावले.

कलम दुसरे, माळा. भंगारवाला वर चढला आणि एकेक खाली देऊ लागला. जुन्या गाद्या, फुटका पाळणा, पत्र्याच्या पेट्या. गाद्यांच्या मागून त्याने कापडात गुंडाळलेले काहीतरी काढले आणि विचारले, "आजी, ही बॅग पण द्यायची का?"

तो माझा कॅमेरा होता.

तो चोरीला गेला त्याला चाळीसहून अधिक वर्षे झाली. मी तेव्हा समारंभांचे फोटो काढीत असे, न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद लावून तिथेच धूत असे. एका साप्ताहिकाने मला कायमच्या नोकरीला बोलावले होते. गावोगाव फिरायचे काम. निघायच्या आदल्या दिवशी कपाट उघडे आणि कॅमेरा गायब. पती माझ्याबरोबर चौकीत आले. हवालदाराने विचारले, "संशय कोणावर?" ते म्हणाले, "कोणावर नाही, साहेब. उगाच एखाद्या गरिबाला त्रास नको." त्या एका वाक्यासाठी मी त्यांना कायम मान दिला. मी रडत होते तेव्हा पाठीवरून हात फिरवीत म्हणाले, "पुढच्या वर्षी नवा घेऊ." पुढच्या वर्षी फ्रीज आला. नोकरी दुसऱ्या कोणाला तरी मिळाली.

भंगारवाल्याला मी काय सांगितले ते आठवत नाही. त्याने मला पाणी आणून दिले एवढे आठवते.

इथेच थांबले असते तर निदान सरळ राग तरी आला असता. बॅग उघडली. चामडे मऊ होते, तेल लावलेले. भिंगावर बुरशीचा ठिपकाही नाही. आत ओलावा शोषणारी कागदी पुडी होती, आणि तिच्यावर मुलाने दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या बुटांच्या कंपनीचे नाव होते. म्हणजे गुडघे दुखत असताना, मी बाजारात गेले की, हा माणूस शिडी लावून वर चढत होता आणि माझा कॅमेरा पुसून परत तिथेच ठेवीत होता. हे प्रेम म्हणायचे की काय म्हणायचे, मला कळत नाही. मला शब्दच सुचलेला नाही, म्हणून इथे लिहीत नाही.

कलम तिसरे, नणंद. तिला मी फोन केला. कॅमेरा माळ्यावर सापडल्याचे सांगितले. ती म्हणाली, "वहिनी, तो म्हणाला होता, आठवडाभर लपवतो, तिचं जाण्याचं खूळ उतरलं की देतो. पण मग तुम्ही चौकीत गेलात. तक्रार लिहून झाल्यावर तो कुठल्या तोंडाने देणार होता?"

"आणि तू?"

"मी रोज ठरवायचे सांगायचं म्हणून. नंतर ठरवणंही सोडलं."

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, असे वकील म्हणाले. म्हणून नणंदेला काही देत नाही. एरवीही दिले नसते. साक्षीला मात्र तीच हवी, असा माझा हट्ट आहे.

कलम चौथे, मुले. बँकेतली ठेव दोघांत निम्मी. मुलगा म्हणाला, "आई, बाबा आता नाहीत. कशाला उकरून काढतेस? ठेवून विसरले असतील." त्याला सांगणे एवढेच, की विसरलेल्या वस्तूला कोणी तेल लावीत नाही. मुलगी जमिनीवर बसून बॅगेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुला ती नोकरी हवी होती, हे कधी बोलली नाहीस." मी म्हटले, "विचारलं कोणी?" तेव्हापासून ती दर रविवारी येते आणि विचारते. मी सांगते आहे.

कलम पाचवे, पतींची तसबीर. ती मी टाकायच्या ढिगात ठेवली, परत आणली, पुन्हा ठेवली. तो फोटो मीच काढलेला आहे, याच कॅमेऱ्याने. चांगला आला आहे. तूर्त तसबीर खुर्चीवर आहे. माझ्याच्याने निकाल लागला नाही तर मुलीने लावावा. तिला मी दोष देणार नाही.

कलम सहावे, बाकी सामान. गाद्या, पेट्या, पाळणा, खुर्च्या गेल्या. त्यांच्याविषयी मला काहीही वाटले नाही, याचेही नवल वाटले. दोन ताटे, दोन पातेली, एक पलंग एवढ्यावर माझे छान चालते.

कलम सातवे, कॅमेरा. दुकानात दाखवला. चालू आहे. रोल मिळायला वेळ लागला, पण मिळाला. पहिला फोटो रिकाम्या माळ्याचा काढला. तो धूसर आला. पुढचे बरे आले. मी गेले तेव्हा आत रोल असेल तर तो आधी धुऊन घ्यावा. त्यानंतर ज्याला खरोखर फोटो काढायचे असतील त्याने कॅमेरा न्यावा, मग तो घरातला असो वा परका. जपून ठेवायला म्हणून तो कोणालाही देऊ नये.

स्थळ: राहते घर, पुढची खोली, खिडकीजवळ.
दिनांक: सहीखाली घातला आहे. वार बुधवार.
सही: (स्वतःच्या हाताची)

साक्षीदार पहिले: वकिलांचे कारकून. सही.
साक्षीदार दुसरी: लिहून देणारीची नणंद. सही. सहीच्या वर तिने कोणी न सांगता स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे: "वाचले. असेच झाले."