दोरी सोडून बोंबील

७ एप्रिल
आज संस्थेच्या वर्गात 'मुख्य मुद्दा' शिकवला. त्यांच्या पुस्तकातलं मलाच कळेना. मग खिडकीबाहेर बघून बोललो — वाळवणाची दोरी म्हणजे मुख्य मुद्दा, तिच्यावर लटकलेले बोंबील म्हणजे तपशील. दोरी काढली की सगळे वाळूत! पोरं खूश. हार्दिक म्हणे, "सर, मग कावळा कोण?"
बारावी नापास, वापीच्या कंपनीतून पळालेला, चिकूच्या वाडीत आठ दिवस टिकलेला मी — आणि सर!

९ एप्रिल
धडा कासवाचा. मी सांगितलं, मुख्य मुद्दा — कासव शंभर अंडी घालतं. पाचवीतली रुपल उठली. "सर, तो तर बोंबील झाला. दोरी म्हणजे किनारा जपा, नाहीतर कासवं येणार नाहीत." सगळे हसले. मी ओरडलो, "सर कोण आहे इथं? मी बोलताना मधे बोलायचं नाही!"
गप बसली. बरोबर तीच होती. मला तेव्हाच कळलं होतं.

१२ एप्रिल
वर्गाला निघालो आणि आगर गावात जाळं विणणाऱ्यांत बसून राहिलो. वर्ग बुडाला.

१५ एप्रिल
बंदरावर रुपलची आई शांतीताई मासळी निवडत होती. हात पुसून पत्र दिलं — रुपलला तलासरीच्या वसतिगृहाच्या शाळेत जागा मिळाली! "हापिसचा कागद, पोरीला काय कळणार? मास्तर, तुमीच सांगा."
वाचायला घेतलं तेवढ्यात ओरडा — घोळ आली, घोळ! एवढा महागाचा मासा, माझा एक डोळा होडीकडे. कागदभर यादी होती, तीच सांगून टाकली: दाखला, फोटो, रेशनकार्ड. "हे जमवा, मग ते बोलावतील." रुपल टोपली धरून शेजारीच उभी होती.
घोळ केवढी होती! दोघांनी उचलली.

२८ एप्रिल
शांतीताई सगळे कागद पिशवीत घालून तलासरीला जाऊन आली. जागा दुसऱ्या मुलीला दिली!
पत्र पुन्हा वाचलं. पहिलीच ओळ — २४ तारखेपर्यंत मुलीला घेऊन हजर राहा, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. "बोलावतील" असं कुठंच नाही. ते मी पदरचं घातलं.
ताई उलट मलाच समजावते — "आमचंच नशीब, मास्तर. तुमी तरी वाचून दिलं." मी हो म्हणून मान हलवली. मान हलवली मी!
उद्या उंबरगावला निघून जावं. तिकडं कोणी ओळखत नाही.

२९ एप्रिल
गेलो नाही. ताईला सांगितलं — चूक माझी, मी नीट वाचलंच नाही. ती बोंबलाच्या जबड्यात बोंबील अडकवत दोरीवर टाकत राहिली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

३० एप्रिल
रुपलला विचारलं, पत्र तू वाचलं होतंस? तिनं हो म्हणून मान हलवली. तारीखही ठाऊक होती.
"मग बंदरावर बोलली का नाहीस ग?"
"तुम्ही बोलत होता ना, सर."